शहापूरच्या साडी दुकानाची साईट तीन भाषांत करायची तर काय काय बघायचं

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही निपाणीचे, फ्रीलान्स कामं घेता, आणि बेळगावच्या शहापुरातल्या एका साडीच्या दुकानाची वर्डप्रेसवर, म्हणजे साईट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, साईट केलीय. मालकांना मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्ही पाहिजे होतं. तुम्ही आधी इंग्लिशमध्ये सगळं केलं आणि वर ट्रान्सलेटचं विजेट, म्हणजे पानाचं आपोआप भाषांतर करणारं बटण, लावलं, मग मालक म्हणाले हे मराठी वाचवत नाही, म्हणून प्लगइननं, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या जादा सॉफ्टवेअरनं, मराठी आणि कन्नड पेजं केली, आयपीवरून, म्हणजे फोनच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, लोकेशन बघून आपोआप भाषा बदलायची सोय केली, आणि जुन्या ब्रोशरचा मजकूर कॉपी केला तर भलतंच काहीतरी उमटतंय म्हणून त्याचे फोटो करून टाकले. आता मराठी पेज गूगलवर येत नाही, मोबाईलवर साईट उघडायला वेळ लागतोय, आणि कन्नड पेजवर बटणं फुटलीत. कुठून सुरुवात करू असं तुमचं म्हणणं.

माझं मत विचाराल तर ह्या चार-पाच वेगळ्या तक्रारी नाहीत. भाषा शेवटी वरून चढवली गेली, त्यातनं हे सगळं निघालंय. आपल्या पट्ट्यात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडं, दुकानात येणारं गिऱ्हाईक कधी मराठी बोलतं, कधी कन्नड, पुष्कळदा दोन्ही, आणि काउंटरवरचा माणूस समोरच्याचं पहिलं वाक्य ऐकून आपली भाषा बदलतो. साईटला ते ऐकू येत नाही. त्यामुळं प्रत्येक भाषेचं पान वेगळ्या पत्त्यावर पाहिजे, खऱ्या टाईप केलेल्या मजकुरात पाहिजे, माणसानं लिहिलेलं पाहिजे, आणि कुठली भाषा वाचायची ते गिऱ्हाइकानं ठरवायचं. एवढं धरून बसलात की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

आधी ते आयपीवरचं आपोआप भाषा बदलणं काढून टाका, आजच. जिओ, एअरटेलचा मोबाईल आयपी बेळगावात बसून बघितला तरी कधी बंगळूरचा दिसतो, कधी मुंबईचा, त्याच्यावर काय भरवसा ठेवणार. आणि समजा अगदी अचूक आलं, गल्लीपर्यंत कळलं, तरी त्यातनं भाषा कशी कळणार? एकाच गल्लीत एक घर मराठी, शेजारचं कन्नड. फोनची भाषा बघून ठरवायचं तर तेही चालत नाही, कारण आपल्याकडं लई जणांचा फोन इंग्लिशवरच असतो, पण वाचायला मराठीच सोपं जातं. आणि सगळ्यात मोठं नुकसान गूगलचं. गूगलबॉट, म्हणजे साईटी वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्रॅम, जास्त करून अमेरिकेतल्या आयपीवरून येतो आणि ब्राउझर जसं मागच्या दारानं सांगतो की मला ही भाषा पाहिजे, तसं तो काही सांगत नाही. म्हणजे तो तुमच्या मराठी पेजच्या पत्त्यावर आला की तुमचा कोड त्याला उचलून इंग्लिशवर पाठवतो. त्यानं मराठी पेज कधी बघितलेलंच नाही, मग दाखवणार कुठून.

त्याच्या जागी वरच्या पट्टीत तीन भाषांची नावं ठेवा, प्रत्येक नाव त्या त्या लिपीत लिहिलेलं, मेनूच्या आत लपवलेलं नाही. झेंडे बिंडे लावू नका, भाषेला झेंडा नसतो आणि आपल्याकडं तर त्यावरून उगाच भलता विषय निघतो. साडीच्या पेजवर भाषा बदलली तर त्याच साडीच्या दुसऱ्या भाषेतल्या पेजवर जायला पाहिजे, होमपेजवर नाही. बऱ्याच साईटवर हे चुकलेलं असतं आणि माणूस दोनदा फेकला गेला की निघून जातो. निवड कुकीमध्ये लक्षात ठेवायची असेल तर ठेवा, पण कुणी व्हॉट्सॲपवर मराठी पेजची लिंक पाठवली असेल तर उघडणाऱ्याला मराठीच दिसलं पाहिजे, त्याच्या कुकीत काहीही असो.

पत्त्याचं म्हणाल तर सबफोल्डर ठेवा. मुख्य डोमेन, पुढं स्लॅश एमआर, स्लॅश केएन, स्लॅश ईएन. सबडोमेन, म्हणजे डोमेनच्या आधी भाषेचा कोड लावलेला पत्ता, किंवा तीन वेगळी डोमेन घेतली तर तांत्रिकदृष्ट्या चालतं, पण एका दुकानासाठी तीन ठिकाणचं सुरक्षेचं सर्टिफिकेट, तीन ठिकाणचं सर्च कन्सोल, म्हणजे गूगलला साईट कशी दिसते ते बघायची गूगलचीच सोय, कोण सांभाळणार. आणि पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून भाषा बदलायची पद्धत तर गूगलही करू नका म्हणतं. भाषेचे कोड मात्र नीट टाका. मराठीचा एमआर, कन्नडचा केएन. लोक अंदाजानं कन्नडला के-ए टाकतात, कारण गाडीच्या नंबर प्लेटवर तेच असतं, पण भाषांच्या यादीत के-ए म्हणजे जॉर्जियन, तिकडं जॉर्जिया देशातली.

आता मराठी पेज का येत नाही ह्याचं दुसरं कारण, आणि मला वाटतं तुमच्याकडं हेपण आहे. सर्च कन्सोलमध्ये जा, मराठी पेजचा पत्ता यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाका, तिथं दोन ओळी दिसतील, तुम्ही सांगितलेला कॅनॉनिकल, म्हणजे मूळ पान म्हणून धरायचा पत्ता, कुठला आणि गूगलनं निवडलेला कुठला. बऱ्याचदा काय होतं, एसईओचं, म्हणजे साईट गूगलवर वर आणायचं प्लगइन आणि भाषेचं प्लगइन एकमेकांशी जुळत नाहीत आणि मराठी, कन्नड दोन्ही पेजांचा कॅनॉनिकल इंग्लिश पेजकडं जातो. म्हणजे तुम्ही स्वतःच गूगलला सांगताय की ही पानं म्हणजे इंग्लिशची कॉपी आहे, धरू नका. प्रत्येक भाषेच्या पेजचा कॅनॉनिकल स्वतःकडंच पाहिजे. तिन्हींचं नातं सांगायला पेजच्या कोडात एचरेफलँग नावाची खूण असते. त्याचा नियम एवढाच की प्रत्येक पेजनं तिघांची नावं घ्यायची, स्वतःचंसुद्धा, आणि नातं दोन्ही बाजूंनी पाहिजे. मराठी पेज कन्नडचं नाव घेतं पण कन्नड पेज मराठीचं घेत नाही, असं असलं तर गूगल ती जोडी सोडून देतं. एक्स-डीफॉल्टला, म्हणजे कुठलीच भाषा जुळली नाही तर दाखवायच्या पानाला, इंग्लिश द्या किंवा भाषा निवडायचं पान असेल तर ते द्या. आणि पेजच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये लँग, म्हणजे पानाची भाषा सांगणारा कोड, बदललंय ना बघा, कारण थीममध्ये ते पुष्कळदा इंग्लिशलाच अडकलेलं असतं. हे नुसतं गूगलसाठी नाही. अंध माणसाचा स्क्रीन रीडर त्यावरून कुठल्या भाषेत वाचायचं ते ठरवतो, आणि काही चांगल्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, ते लँग एमआर असल्याशिवाय येतच नाहीत, हिंदी वळणाचे येतात.

विजेटचं एका ओळीत सांगतो. ते भाषांतर वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये होतं, तुमच्या सर्व्हरवर मराठीचं एक अक्षरही नसतं, त्यामुळं गूगलसाठी ते पेज इंग्लिशच राहतं. काढा.

ब्रोशरच्या मजकुराकडं येऊ, कारण आपल्या भागात हा प्रश्न जवळपास प्रत्येक कामात येतो. जुना मजकूर, ब्रोशर, पत्रिका, कॅटलॉग, हे सगळं डीटीपीवाल्याकडं श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये झालेलं असतं आणि कन्नडचं नुडी नाहीतर बरहमध्ये. ह्या जुन्या फाँटमध्ये कॉम्प्युटरच्या दृष्टीनं मराठी अक्षर नसतंच, इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी चित्र बसवलेलं असतं. फाँट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं, तेच तुम्हाला कचरा म्हणून दिसतंय. त्याचा इलाज फोटो करणं नाही, कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा असतो त्या पद्धतीत, आणणं. पण कन्व्हर्टरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, त्याची चुकायची ठिकाणं ठरलेली आहेत. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, जशी डोळ्याला दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफार उलटा, जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणून जिथं जोडाक्षर आहे आणि त्याला वेलांटी किंवा रफार आहे तिथं घोटाळा होतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. रुपयाचं चिन्ह, अवतरणचिन्हं आणि आकडेपण तपासा. कन्व्हर्ट केलेला मजकूर एकदा मोठ्यानं वाचून घ्या, किंवा मालकांच्या घरातल्या कुणा वाचणाऱ्याला द्या, डोळ्यानं नुसतं चाळलं की सुटतं.

आणि फोटोतला मजकूर नको म्हणतो त्याची कारणं सरळ आहेत. गिऱ्हाइकाला तो कॉपी करता येत नाही, शोधता येत नाही, मोठा करून वाचता येत नाही, स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, किंमत बदलली की परत डिझायनर शोधा, आणि वर प्रत्येक फोटो जड. दिवाळीचं बॅनर असू दे, त्यावरचे शब्द एचटीएमएलमध्ये टाईप करून फोटोवर ठेवता येतात की. बाकी साडीच्या फोटोंना जो आल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ, देताय तो त्या त्या भाषेत द्या, तिन्ही पेजांवर इंग्लिश नको.

आता स्लो का. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून दोन गोष्टी दिसतात. एक, फोनवरून काढलेले चार-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवलेत. साडीचा पोत दिसायला पाहिजे हे मान्य, पण यादीच्या पेजवर छोटा वेबपी, म्हणजे हलक्या फाईलचा, फोटो आणि साडीच्या आतल्या पेजवर बाराशे पिक्सेल रुंदीचा, एवढं पुरतं. झूमसाठी मोठा फोटो लागतोच, तो बोट लावल्यावरच उतरू द्या. प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहा, नाहीतर फोटो येईल तसं पान खाली-वर उडतं आणि माणूस चुकीच्या बटणावर बोट ठेवतो. सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोला लेझी लोड, म्हणजे खाली सरकल्यावरच फोटो उतरवणं, लावू नका, तो आधी यायला पाहिजे. गूगलची मापं तुम्हाला माहीतच असतील, मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल, आणि पान हलण्याचा आकडा ०.१ च्या आत. हे दुसरं माप आयएनपी, मार्च २०२४ पासून जुन्या एफआयडीच्या जागी आलंय. पण लॅपटॉपवर वायफायला बसून मार्क बघू नका. साधा स्वस्तातला अँड्रॉइड फोन घ्या, खानापूरच्या पुढं जंगलाकडच्या गावात पावसाळ्यात जसं नेटवर्क असतं तसं समजून ब्राउझरमध्ये स्लो फोरजी लावा, आणि तिथं साईट बघा. तिथलीच बाई गणपतीच्या आधी साडी बघणार आहे.

दुसरी गोष्ट फाँट. देवनागरी फाँटची फाईल इंग्लिशपेक्षा मोठी असते कारण जोडाक्षरं वेगळी काढलेली असतात, आणि तुम्ही मराठीचा वेगळा, कन्नडचा वेगळा, हेडिंगचा वेगळा, प्रत्येकाचे चार-पाच वेट, म्हणजे जाड-बारीक प्रकार, असं सगळं प्रत्येक पेजवर लोड करताय. एवढी गरज नाही. मजकुराला फोनमधलाच फाँट वापरा की. अँड्रॉइडमध्ये देवनागरी आणि कन्नड नोटो असतोच, विंडोजमध्ये निर्मला यूआय दोन्ही लिप्या दाखवतो, आयफोनलाही स्वतःचे आहेत. शून्य केबी. फक्त हेडिंगला वेगळेपणा पाहिजे असेल तर एक फॅमिली घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या फाँट काढणाऱ्यांचा ‘अनेक’ हा फाँट मला ह्या कामाला फार आवडतो, कारण देवनागरी, कन्नड, लॅटिन तिन्हींत एकाच हातानं काढल्यासारखा दिसतो, त्यामुळं भाषा बदलली तरी दुकान तेच वाटतं. गूगल फाँट्सवर फुकट आहे. स्वतःच्या सर्व्हरवर त्याची डब्ल्यूओएफएफ टू, म्हणजे वेबसाठी दाबून लहान केलेली, फाईल ठेवा, युनिकोड-रेंज लावा म्हणजे मराठी पेजवर कन्नडची फाईल उतरणार नाही, आणि फाँट-डिस्प्ले स्वॅप ठेवा, म्हणजे फाँट उतरेपर्यंत फोनमधल्या फाँटात मजकूर दिसेल. फाईल बारीक करायला सबसेट करत असाल, म्हणजे न लागणारी अक्षरं कापत असाल, तर सांभाळून. नुसती अक्षरांची यादी देऊन कापलं आणि जोडाक्षरं जुळवणारे ओपनटाइपचे लेआउट नियम गेले तर क्ष, ज्ञ, श्री, द्ध सगळे तुटून हलंत घेऊन उभे राहतात. कापताना लेआउट फीचर सगळी राखा आणि नंतर जोडाक्षरांचा एक परिच्छेद टाकून बघा.

सीएसएसचं, म्हणजे पान कसं दिसेल ते ठरवणाऱ्या कोडाचं, भराभर सांगतो. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली जादा जागा, मराठीला शून्य. इंग्लिश थीममध्ये हेडिंगला अक्षरं लांब केलेली असतात, ती मराठीला लागली की शिरोरेषा तुकडे तुकडे होते. लाईन-हाईट इंग्लिशला १.४ चालते, आपल्याला १.६ ते १.८ द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. बटणाला ठरावीक रुंदी-उंची देऊ नका, पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, द्या. कन्नड पेजवर बटणं फुटली ती ह्यामुळंच, कन्नडमध्ये प्रत्यय जोडून शब्द लांब होतो आणि मधे तोडता येत नाही. डिझाईन करताना आधी कन्नड मजकूर टाकून बघा, तो बसला की बाकीचे दोन बसतात. खोटं इटालिक नको, देवनागरी तिरकी झाली की बरी दिसत नाही. साडीची माहिती यादीत कापून पुढं तीन टिंबं द्यायची असतील तर ते सीएसएसवर सोडा. कोडमध्ये बाईट मोजून कापलं तर शेवटी काळा चौकोन नाहीतर प्रश्नचिन्ह येतं, आणि अक्षर मोजून कापलं तरी मात्रा गळून पडते.

डेटाबेसची अक्षरं साठवायची पद्धत यूटीएफ-एट-एमबी-फोर आहे ना एवढं बघा, नवीन वर्डप्रेसमध्ये असतेच. पेजच्या पत्त्यात मराठी शब्द ठेवायचे का, ह्यावर माझं मत ठाम आहे, ठेवू नका. चुकीचं म्हणून नाही, गूगलला चालतात. पण देवनागरीचं एक अक्षर पत्त्यात टक्केचिन्हं लावून नऊ कॅरेक्टरचं होतं, आणि वर्डप्रेसचा स्लगचा, म्हणजे पत्त्याच्या शेवटच्या भागाचा, कॉलम २०० कॅरेक्टरचा आहे, म्हणजे बावीसएक अक्षरांत पत्ता भरला, पुढचं कापलं जातं. व्हॉट्सॲपवर ती लिंक पेस्ट केली की चार ओळी टक्के आणि आकडे दिसतात, गिऱ्हाइकाला वाटतं व्हायरस आहे. रोमन अक्षरांत छोटा स्लग द्या, इरकल-कॉटन असा, तिन्ही भाषांना तोच.

सर्चबॉक्सकडं कुणी लक्ष देत नाही पण मराठीत तिथं लई गोंधळ आहे. निऱ्या हाच शब्द घ्या. कुणी ऱ्य चा र खरा ऱ वापरून टाईप करतो, कुणाच्या कीबोर्डवर साधा र, हलंत आणि मधे न दिसणारा जोडक असा येतो. दिसायला सारखंच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. तसंच ॲ, कुणी एकच अक्षर टाकतो, कुणी अ ला वरून चंद्र लावतो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी रूपं एक करायची तयार सोय, लावलं तर काही फरक मिटतात पण ॲ चा मिटत नाही, आणि जोडकाचापण नाही. म्हणून सेव्ह करताना शोधापुरती वेगळी प्रत करायला आणि शोधताना, दोन्हीकडं आपलंच एक छोटं फंक्शन ठेवा, आधी हे ठरावीक पर्याय एका रूपात आणा, मग उरलेले न दिसणारे जोडक काढा. पंचवीस-तीस ओळींचं काम आहे आणि गिऱ्हाइकाला माल सापडतो.

फॉर्मचंही तसंच. नावाच्या रकान्यात ए ते झेड एवढंच चालेल असा चेक लावलेला असतो आणि मराठीत नाव लिहिलं की लाल अक्षरात दम देतो. तो चेक काढा, किंवा लावायचाच असेल तर युनिकोडमधली अक्षरं आणि चिन्हं दोन्ही गट घ्या. नुसता अक्षरांचा गट घेतला तर काना-मात्रा बाहेर राहतात, कारण युनिकोडच्या हिशोबात त्या अक्षर नाहीत, चिन्ह आहेत. फोन नंबर कुणी देवनागरी आकड्यांत टाकला तर नाकारू नका, मागच्या मागं बदलून घ्या. आणि किंमत दाखवताना जावास्क्रिप्टचं भाषेप्रमाणं आकडे लिहायचं साधन, इंटल, वापरत असाल तर लक्षात ठेवा, मराठीला ते आपोआप देवनागरी आकडे देतं, कन्नडला मात्र इंग्रजी आकडेच देतं. दोन्हीतलं काहीही ठेवा पण सगळीकडं एकच ठेवा. कार्टमध्ये १,८५० आणि पेमेंटच्या पानावर वेगळ्या लिपीत तोच आकडा, असं झालं की वयस्कर माणूस थबकतो. तो आकडा परत वाचून बेरीज करणारा कोड असेल तर तिथं तर बेरीजच बिघडते.

साडीची किंमत आणि शिल्लक नग तिन्ही भाषांसाठी एकाच ठिकाणी पाहिजे. भाषेप्रमाणं तीन प्रॉडक्ट केले असतील तर आत्ताच जोडा. पॉलीलँग, डब्ल्यूपीएमएल ह्या भाषेच्या दोन्ही प्लगइनांत वूकॉमर्ससाठी, म्हणजे वर्डप्रेसवर दुकान चालवायच्या प्लगइनसाठी, ती सोय आहे. नाहीतर मराठी पेजवर विकली गेलेली साडी कन्नड पेजवर शिल्लक दिसते, आणि एकच नग असलेली हातमागाची साडी दोघांना विकली जाते.

सीमेचा एक मुद्दा आहे जो बंगळूरच्या डेव्हलपरला सुचणार नाही. आपलं गिऱ्हाईक कर्नाटकातलं असतं, चंदगड-कोल्हापूरचं असतं, गोव्याचंही असतं. माल कर्नाटकातच गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, कुरिअरनं चंदगडला गेला तर आयजीएसटी. त्यामुळं चेकआउटला राज्य नीट घ्या आणि पिन कोडशी ताडून बघा, ५९० किंवा ५९१ नं सुरू होणारा इकडचा, ४१६ तिकडचा, ४०३ गोवा. लोक जिल्ह्याचं नाव बरोबर टाकतात आणि राज्याच्या यादीत जे आधीच निवडलेलं असतं तेच सोडून देतात. आणि हे सगळं करायच्या आधी मालकांच्या सीएला एक फोन करा, दुकानाचं जीएसटी रजिस्ट्रेशन कॉम्पोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या ठरावीक दराच्या योजनेत, आहे का. असेल तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही, मग कोल्हापूर-गोव्याला ऑनलाईन विकायचा बेतच बदलावा लागेल. हे साईट लाईव्ह झाल्यावर कळण्यात अर्थ नाही.

ऑर्डरचा एसएमएस मराठीत पाठवायचा असेल तर इंग्लिशला जिथं १६० अक्षरं मिळतात तिथं आपल्याला ७०, आणि त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. दोन मेसेजचे पैसे लागायला नकोत असं वाक्य बसवा, आणि डीएलटीवर, म्हणजे धंद्याच्या एसएमएसची नोंदणी होते तिथं, टेम्प्लेट त्याच भाषेत मंजूर करून घ्या.

मजकूर कोण लिहिणार हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि कोटेशनमध्ये त्याची ओळच नसते. मशीनचं भाषांतर पहिला खर्डा म्हणून घ्या, पण साडीचं जग त्याला कळत नाही. काठ, पदर, बुट्टी, निऱ्या, इरकलचा टोप पदर, हे शब्द काउंटरवरच्या माणसाच्या तोंडात असतात. मालकांना किंवा त्यांच्या जुन्या सेल्समनला फोनवर दहा साड्यांची माहिती सांगायला लावा, रेकॉर्ड करा, त्यातनं मराठी लिहा. कन्नडचं तसंच कन्नड बोलणाऱ्या सेल्समनकडून, मराठीवरून उतरवून नव्हे. वडगाव-शहापूरच्या मागावरची माहिती, कुठली साडी मागावर झालेली आणि कुठली पॉवरलूमची, हे खरं खरं लिहा, गिऱ्हाइकाला तेच पाहिजे असतं आणि दुसऱ्या कुठल्या साईटवर ते नसतं.

गावाच्या नावाचंही बघा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, पण सर्चमध्ये लोक दोन्ही टाकतात, जुनं इंग्रजी स्पेलिंग अजून भरपूर चालतं. इंग्लिश पेजवर दोन्ही स्पेलिंग वाक्यात सहज येऊ द्या, मराठी पेजवर बेळगाव, कन्नड पेजवर बेळगावी. शहापूरचं सांगताना शहराचं नाव जोडा, कारण शहापूर नावाची गावं बरीच आहेत. गूगल बिझनेस प्रोफाईलवरचा, म्हणजे गूगल मॅपवर दुकानाची माहिती दिसते तिथला, पत्ता, फोन आणि वेळा साईटशी तंतोतंत जुळवा. दुकानाला फोन येतात ते साईटवरून कमी आणि तिथून जास्त. दोन-तीन महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये लोकांनी खरं काय टाईप केलंय ते बघा आणि पेजं त्याप्रमाणं सुधारा. तिथं सोळा महिन्यांचा डेटा राहतो, त्यामुळं मागच्या दसऱ्याशी ह्या दसऱ्याची तुलना करता येते.

आणि एक गोष्ट मालकांना स्पष्ट सांगा. तिन्ही भाषा कायम ताज्या ठेवायला माणूस नसेल तर तीन करू नका. मराठी आणि कन्नड पूर्ण ठेवा, इंग्लिशमध्ये होमपेज, पत्ता, परतीचे नियम आणि ऑर्डर कशी द्यायची एवढी चार पानं करा, आणि एचरेफलँग फक्त जी पानं खरी आहेत त्यांनाच लावा. मागच्या वर्षीची ऑफर कन्नड पेजवर तशीच पडून राहिली की कन्नड गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला इथं कुणी विचारत नाही. भाषेचा विषय आपल्याकडं किती नाजूक आहे ते तुम्हाला सांगायला नको. दुकानदाराला दोन्ही गिऱ्हाइकं सारखीच, ते साईटवर दिसलं पाहिजे.

कामाचा क्रम असा धरा. लोकेशनचा कोड आणि विजेट काढणं, कॅनॉनिकल नीट करणं, लँग बदलणं, हे एका दिवसात होतं आणि मराठी पेज गूगलवर यायला त्यानंच सुरुवात होईल, फक्त सर्च कन्सोलमधून परत इंडेक्सिंग, म्हणजे पान गूगलच्या यादीत घेणं, मागा आणि थोडे आठवडे थांबा. मग फोटो आणि फाँट. मग फोटोतला मजकूर टाईप करणं, ते सावकाश चालू दे, रोज थोडं. जीएसटीचं मात्र पेमेंट चालू करायच्या आधी.

डोमेन आणि होस्टिंग मालकांच्या नावावर, त्यांच्याच ईमेलवर आणि त्यांच्याच फोन नंबरवर ठेवा, तुमच्या नावावर नको, भले ते म्हणोत तुम्हीच बघा म्हणून. बॅकअप होस्टिंगच्या बाहेर दुसरीकडंही पडू दे आणि तो परत चढवून एकदा बघा. आणि पुढच्या कामाचं कोटेशन देताना प्रत्येक भाषेचं लिहिणं, टाईप करणं आणि तपासणं ह्याची वेगळी ओळ टाका, कन्नड वाचून तपासणाऱ्याचे पैसे त्यात धरून.